विहीणबाईंच्या घरचा ट्रॉलर

ग्रिम्सबीला कोणी मुद्दाम जात नाही. लंडन, एडिंबरा, लेक डिस्ट्रिक्ट करत आपल्या टूर कंपन्यांच्या बसगाड्या इंग्लंडभर फिरतात, पण या गावाच्या वाटेला जात नाहीत. मी गेलो त्याला कारण माझी भाची. ती तिथल्या इस्पितळात नर्स आहे, नवरा ग्रिम्सबीचाच, आणि नवऱ्याची आई शेजारच्या क्लीथॉर्प्सला राहते. भाचीची सासू म्हणजे आमच्या नात्यागोत्याच्या हिशेबाने माझीही विहीणच. विहीणबाईंचे आजोबा वाफेच्या ट्रॉलरवर कोळसा ओढायचे. वडील त्याच धंद्यात पुढे मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचे पहिले, झाले. आम्ही वेसाव्याचे कोळी. आजोबा तांडेल, वडील तांडेल, मी मात्र बँकेत चिकटलो. “मामा, तुमचं दोघांचं चांगलं जमेल,” भाची फोनवर म्हणाली होती. “दोघांनाही मासळीशिवाय दुसरा विषय नाही.”

किंग्ज क्रॉसहून डॉनकॅस्टर, तिथे गाडी बदलून क्लीथॉर्प्सची गाडी. स्कनथॉर्पचे पोलादाचे कारखाने मागे पडले की जमीन तळहातासारखी सपाट होते आणि मग लांबूनच ग्रिम्सबीच्या गोदीचा मनोरा दिसू लागतो. लाल विटांचा, ३०९ फूट उंच, १८५२ साली पुरा झालेला, घडण इटलीतल्या सिएनाच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावरून उचललेली. एवढा देखणा मनोरा कशासाठी, तर वर पाण्याची टाकी ठेवायला. त्या पाण्याच्या दाबावर गोदीचे दरवाजे उघडायचे आणि याऱ्या चालायच्या. उपयोगाच्या वस्तूला असं नटवायची हौस आता कुणाला राहिलेली नाही.

हे बंदर रेल्वेने उभं केलं. १८४८ साली रूळ आले. मग मासळीच्या वाहतुकीतून भाडं मिळावं म्हणून रेल्वे कंपनीनेच मच्छीगोदी काढायला घेतली, आणि शिडाच्या होड्यांचे मालक लांबलांबच्या बंदरांतून इथे येऊन वसले. आमच्याकडे कोळीवाडा आधी, बाकी सगळं मागून. इथे उलटं. आधी रूळ, मग गोदी, मग कोळी. पुढे जे जे पाहिलं त्यात हा उलटा क्रम सारखा आठवत राहिला, कारण धंद्याची दोरी पहिल्या दिवसापासून किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात होती.

माणसं कमी पडली तेव्हा पोरं आणली. गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहांतली अनाथ मुलं शिकाऊ म्हणून शिडाच्या होड्यांवर चढवली जायची. कित्येक बुडाली. पळून जाणाऱ्याला धरून लिंकनच्या तुरुंगात टाकायचे. तुरुंग बरा म्हणून मुद्दाम पळणारेही होते. हंबर नदीच्या समोरच्या काठावर, हलमध्ये, त्याहून भयंकर घडलं. ‘रायझिंग सन’ नावाच्या होडीच्या कप्तानाने, ऑझमंड ब्रँडने, आपल्याच शिकाऊ पोराचा छळ करून खून केला आणि १८८२ साली तो त्यासाठी फासावर गेला. या प्रकरणाने कायदे बदलले. शिडाच्या काळाबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

वाफ आली ती गमतीने. १८७७ साली नॉर्थ शील्ड्सच्या विल्यम पर्डी नावाच्या माणसाने आपल्या ‘मेसेंजर’ या टगला मागे जाळं बांधलं. टग म्हणजे मोठी जहाजं ओढून नेणारी छोटी बोट. त्या वर्षांत तिला काम मिळेनासं झालं होतं. जहाज नाही तर जाळं ओढू, एवढाच विचार. तो चालला. चार वर्षांनी, १८८१ मध्ये, हलच्या गोदीत ‘झोडियाक’ बांधला गेला. खास मासेमारीसाठी बांधलेला वाफेचा ट्रॉलर, तोही ग्रिम्सबीच्या कंपनीसाठी. सुरुवातीला जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून भलामोठा लाकडी वासा लावायचे. १८९४ मध्ये ग्रॅंटनच्या स्कॉट नावाच्या माणसाने वासा काढून दोन बाजूंना दोन जड फळ्या लावायची युक्ती केली. बोट पुढे निघाली की पाण्याच्या रेट्याने त्या एकमेकींपासून लांब जातात आणि जाळं आ वासून तळ खरवडत चालतं. आज ससून डॉकला उभ्या असलेल्या ट्रॉलरच्या मागे लटकतात त्याच या फळ्या.

विहीणबाई ऐंशीच्या घरातल्या. उंच, ताठ, केस कापलेले, बोलताना समोरच्याच्या कानात शिरतील असा आवाज. हा आवाज मी ओळखतो. तो वाऱ्यात बोलणाऱ्या घरांचा असतो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी जेवायला तळलेला हॅडॉक केला. कॉड का नाही, असं मी विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलंच नाही. भाची हळूच म्हणाली, “इथली माणसं कॉड दुसऱ्यांना विकतात. स्वतः हॅडॉक खातात.” हे मात्र मला चटकन पटलं. आमच्याकडेही परदेशी जाणारी कोळंबी वेगळी आणि घरी शिजणारे बोंबील वेगळे.

आजोबांच्या गोष्टी त्यांनी लहानपणी थेट त्यांच्याच तोंडून ऐकलेल्या. पहिल्या महायुद्धाच्या आधी, मिसरूड फुटायच्या वयात, आजोबा ‘ट्रिमर’ म्हणून चढले. वाफेच्या ट्रॉलरवर उत्तर समुद्रात नऊ-दहा माणसं: कप्तान, मेट, त्याखालचा थर्ड हँड, डेकवरचे खलाशी, दोन इंजिनवाले, आचारी, आणि सगळ्यांत खाली ट्रिमर. कोळशाच्या कोठारातून कोळसा फावड्याने ओढून बॉयलरच्या तोंडाशी आणायचा, राख बादल्यांतून वर चढवून समुद्रात टाकायची, दिवे सांभाळायचे. आइसलंडच्या लांबच्या फेरीला जाताना कोठार पुरायचं नाही, म्हणून मासळी ठेवायच्या जागेतही कोळसाच भरायचे. तो आधी जाळायचा, मग जागा घासून धुऊन तिथे बर्फ आणि मासळी. “आजोबा म्हणायचे, जाताना आम्ही कोळशाचे व्यापारी आणि येताना मासळीचे,” विहीणबाई म्हणाल्या. आजोबांना समुद्र फारसा दिसलाच नव्हता. आइसलंड कसं आहे असं नातवंडांनी विचारलं की ते सांगायचे, गरम.

मी हसलो, पण मग विचार करत बसलो. कोळी म्हणून जन्माला आलेल्या माणसाला समुद्र न बघता समुद्रावर आयुष्य काढता येईल, हे माझ्या वडिलांना कधी खरं वाटलं नसतं.

डेकवरची हकिकत त्यांच्या वडिलांची. जाळं वर आलं की तळाची गाठ सुटायची आणि मासळीचा डोंगर डेकवरच्या कप्प्यांत कोसळायचा. मग उभ्याने सुरी चालवायची: पोट फाडायचं, काळीज वेगळ्या टोपलीत, बाकी घाण समुद्रात, मासा धुऊन खाली बर्फात. काळजाचं तेल निघतं, त्याचे वेगळे पैसे मिळायचे. मासळी लागली की रात्र-दिवस हा हिशेब संपायचा. पुढची खेप वर येईपर्यंत आधीची साफ व्हायला हवी. कप्तान खोली मोजायला शिसं सोडायचा. त्याच्या बुडाला चरबी लावलेली असायची. चरबीला चिकटून वर आलेली वाळू, चिखल, शिंपल्याचा चुरा बोटांत चोळून कप्तान सांगायचा, आपण कुठे आहोत. यंत्र वाफेचं होतं, पण जागा शोधायची विद्या मात्र जुनीच.

जानेवारीत आइसलंडच्या उत्तरेला वाऱ्याबरोबर उडालेलं पाणी दोरखंडांवर, डोलकाठीवर गोठत जातं. बर्फाचं ओझं वरच्या वर वाढतं आणि बोट कलंडायला लागते. मिळेल त्या हत्याराने तो बर्फ फोडायचा. २६ जानेवारी १९५५ रोजी हलचे ‘लोरेला’ आणि ‘रॉडेरिगो’ हे दोन वाफेचे ट्रॉलर असेच एकाच दिवशी गेले, चाळीस माणसं. विहीणबाई तेव्हा शाळेत होत्या. वडील त्या वेळी समुद्रावरच होते. “आई त्या आठवड्यात रेडिओपासून हलली नाही,” त्या म्हणाल्या. “बोलली मात्र एक शब्द नाही. जेवण वेळेवर.”

माझ्या मनात भरला तो मात्र बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात वडिलांचे हिशेबाचे कागद होते. वादळाच्या गोष्टी सांगताना विहीणबाई रंगल्या होत्या, हे कागद काढताना म्हणाल्या, “यात काही नाही हो, नुसते आकडे.” बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला असं सांगू नये. मी चष्मा काढून पुसला आणि टेबलापाशी दिव्याखाली बसलो.

प्रत्येक फेरीचा एक कागद. वर ट्रॉलरचं नाव आणि तारीख. खाली मासळीच्या जाती, कॉड, हॅडॉक, हॅलिबट, प्लेस, आणि प्रत्येकीचे किती ‘किट’ भरले ते. किट म्हणजे दहा स्टोन, आपल्या साडेत्रेसष्ट किलोंच्या आसपासचं माप. उजवीकडे लिलावात आलेली रक्कम. इथपर्यंत अर्धं पान. उरलेलं अर्धं पान वजावटीचं: कोळसा, बर्फ, मासळी उतरवणाऱ्या लंपर लोकांची मजुरी, गोदीचं भाडं, विक्रीचं कमिशन, दोरखंड, जाळ्यांची दुरुस्ती, शिधा. त्यानंतर राहील त्यातून कप्तान आणि मेट यांचा वाटा. बाकीच्यांना पगार आणि विक्रीवर थोडी टक्केवारी. कोळशाची ओळ बहुतेक प्रत्येक कागदावर सगळ्यांत जाड. एका कागदाच्या तळाशी रक्कम लाल शाईत होती. म्हणजे तीन आठवडे आइसलंडच्या थंडीत काढून माणूस घरी आला तो कंपनीचं देणं घेऊन. मग पुढच्या फेरीवर उचल, आणि ती फेडायला त्यापुढची फेरी.

आमच्याकडेही वाटा असतो. होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, माणसांचे वाटे. तांडेल आणि खलाशी यांच्यात अंतर असलं तरी एकाच ताटातलं. शिडाच्या काळात इथेही होतकरू कप्तान कर्ज काढून आपली होडी करू शकायचा. वारा फुकट होता, कोळसा नव्हता. वाफेच्या ट्रॉलरला लागणारा पैसा एका घराच्या आवाक्यातला राहिला नाही. कंपन्या आल्या, भागधारक आले, आणि बोट कोणाची या प्रश्नाचं उत्तर घरात मिळेनासं झालं. वाफेने मासळी वाढवली की नाही यावर वाद घालता येईल. तिने कोळ्याचा गिरणीकामगार केला, यावर मला वाद घालायचा नाही. गिरणगावाजवळच्या बँकेत नोकरी केल्यामुळे असेल, पण तो हिशेबाचा कागद मला ओळखीचा वाटला.

आणि गिरणीकामगार म्हटलं की संप आलाच. १९०१ साली ग्रिम्सबीच्या मालकांनी एकी करून इंजिनवाल्यांचा आणि डेकवाल्यांचा बांधलेला पगार कमी केला आणि त्याऐवजी विक्रीवरचा हिस्सा वाढवायचं ठरवलं. मासळी लागली तर तुमचं नशीब, नाही लागली तर तुमचंच. माणसं चढेनात, मालकांनी बोटी बांधून ठेवल्या. जुलैपासून शरद ऋतूपर्यंत गोदी थंड. सप्टेंबरमध्ये जमावाने मालकसंघाची कचेरी फोडून पेटवली आणि गावात लष्कर उतरलं. शेवटी भांडण लवादाकडे गेलं. लवाद होते सर एडवर्ड फ्राय. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहे. विहीणबाईंच्या घरात या टाळेबंदीची एकही गोष्ट शिल्लक नव्हती. वादळं सगळी होती, भुतं होती, एका कप्तानाने पाळलेलं मांजर होतं, टाळेबंदी नव्हती. घरातल्या आठवणी कशा चाळल्या जातात याचा हा मासला.

गोदीच्या बाजूच्या मच्छीमारी संग्रहालयाबाहेर ‘रॉस टायगर’ उभा आहे. १९५७ सालचा, डिझेलवर चालणारा, म्हणजे वाफेचा धाकटा भाऊ. पण कडेने जाळं ओढायची रचना तीच. जुने ट्रॉलरवालेच तो दाखवतात. आमचा वाटाड्या सत्तरी ओलांडलेला, हातांची बोटं सांध्यांत जाड झालेली. त्याने खाली झोपायच्या बाकावर मला आडवं व्हायला लावलं. खांदा वळवायला जागा नाही. “यात अठरा तास काम केल्यावर झोप येते,” तो म्हणाला, “त्याशिवाय येत नाही.” पोरं शाळेच्या सुट्टीत बापाबरोबर हौसेची म्हणून एक उन्हाळी फेरी करायची. त्यातली निम्मी परत कधी चढणार नाही म्हणायची, आणि बरीचशी पुढच्याच वर्षी चढायची. त्यानेही तेच केलं होतं.

ट्रॉलरवाला परत आला की दोन-तीन दिवस घरी. तेवढ्यात नवा सूट, दारू, दिवसभर भाड्याने धरून ठेवलेली टॅक्सी, पोरांना खाऊ, उधारी फेडणं. गावात त्यांना ‘तीन दिवसांचे लखपती’ म्हणायचे. यात थोडं कौतुक, थोडा टोमणा. बायका मात्र या लखपतींच्या मागे उरलेले अठरा-वीस दिवस घर चालवायच्या, आणि त्यांपैकी पुष्कळजणी जाळी विणायच्या. विहीणबाईंच्या आईची लाकडी सुई अजून आहे. लांबट, मध्ये जीभ कोरलेली, सुतळी भरून भरून कडेला गुळगुळीत झालेली. मी ती हातात घेऊन सवयीने अंगठ्याशी धरली तर त्या म्हणाल्या, “अरे, तुम्हाला येतं!” मला येत नाही. माझ्या आजोबांना यायचं. मी फक्त धरायला शिकलो. दोन वेगळ्या समुद्रांच्या काठी माणसांनी एकच हत्यार शोधून काढलं होतं. मी त्यावर काही बोललो नाही, विहीणबाईंनीही सुई परत डब्यात ठेवून झाकण लावलं.

हलला आम्ही गाडीने गेलो, हंबर नदीवरच्या पुलावरून. १९८१ मध्ये हा खुला झाला तेव्हा एका गाळ्यात जगातला सर्वांत लांब झुलता पूल होता, १४१० मीटरचा. गंमत अशी की तोवर दोन्ही काठांच्या मच्छीमारीचे दिवस संपत आले होते. आइसलंडने आपलं पाणी टप्प्याटप्प्याने दोनशे मैलांपर्यंत वाढवलं, १९७६ मध्ये त्यावरून ब्रिटनशी चाललेलं शेवटचं ‘कॉडयुद्ध’ संपलं, आणि हलचा सेंट अँड्र्यूज डॉक त्याच्या आदल्याच वर्षी बंद झाला होता. १८८३ साली उघडलेला हा डॉक आज गाळाने भरलाय. काठावर काचा फुटलेल्या इमारती. मागे हेसल रोड, ट्रॉलरवाल्यांची वस्ती. या रस्त्यावर नवरा समुद्रावर निघाला त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत, नाहीतर माणूस वाहून जातो. हात हलवून निरोप द्यायचा नाही, लाट नेते. हिरवं घालायचं नाही. भाचीच्या नवऱ्याने हे सगळं हसत सांगितलं आणि पुढे म्हणाला, “आई अजून हिरवा स्वेटर घेत नाही.”

हेसल रोडच्या कोपऱ्यावर एक पुतळा आहे. त्याची गोष्ट मराठी वाचकाला थोडी जवळची वाटावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हलच्या कंपन्यांचे ट्रॉलर ताफ्याने मासेमारी करायचे. पन्नासच्या आसपास बोटी कित्येक आठवडे उत्तर समुद्रातल्या डॉगर बँक या उथळ भागावरच राहायच्या. रोजची मासळी खोक्यांत भरून, वल्ह्यांच्या छोट्या होडीतून, उसळत्या पाण्यात एका वेगवान बोटीवर चढवायची, आणि ती लंडनच्या बिलिंग्जगेट बाजाराला पळवायची. या खोकी चढवण्यातच अनेकजण बुडाले. अशा ‘गेमकॉक’ ताफ्यावर २१ ऑक्टोबर १९०४ च्या रात्री रशियाच्या बाल्टिक आरमाराने गोळीबार केला. जपानशी लढायला निघालेल्या ॲडमिरल रोझेस्टवेन्स्कीच्या लोकांना उत्तर समुद्रात जपानी टॉर्पेडो बोटी दिसल्या होत्या! प्रखर दिव्यांच्या झोतात आलेल्या माणसांनी म्हणे हातात मासे उंच धरून दाखवले: बघा, आम्ही कोळी आहोत. ‘क्रेन’ हा ट्रॉलर बुडाला, कप्तान जॉर्ज स्मिथ आणि थर्ड हँड विल्यम लेगेट जागीच गेले. ‘मोलमीन’ नावाच्या ट्रॉलरला गोळे लागले. ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या बंदराचं नाव हलच्या बोटीला! पॅरिसला चौकशी बसली, तिथे ब्रिटिशांचे कायदेतज्ज्ञ तेच सर एडवर्ड फ्राय. रशियाने ६६,००० पौंड भरपाई दिली. ते आरमार पुढे हिंदी महासागर ओलांडून गेलं आणि मे १९०५ मध्ये त्सुशिमाला जपानने त्याचा फडशा पाडला. त्या विजयाचं कौतुक पुण्याच्या ‘केसरी’नेही केलं. त्याच आरमाराचे पहिले बळी दोन कोळी होते हे मला तिथे पुतळ्याखाली उभं राहीपर्यंत ठाऊक नव्हतं. पुतळा १९०६ सालचा, कप्तान स्मिथचा, एक हात वर केलेला.

हेलयर या हलच्या घराण्याला ट्रॉलरना शेक्सपिअरच्या पात्रांची नावं द्यायची खोड होती. त्यांचा ‘व्हायोला’, १९०६ साली बेव्हर्लीला बांधलेला, अजून आहे. पण कुठे, तर दक्षिण जॉर्जिया बेटावर, अंटार्क्टिकाच्या वाटेवर, ग्रिट्विकेनच्या बंद पडलेल्या देवमाशांच्या कारखान्याच्या काठाशी गंजत. पहिल्या महायुद्धात त्याने पाणबुड्यांशी सामना केला, मग नॉर्वेत विकला गेला, मग अर्जेंटिनाकडे, नावंही बदलली. वाफेचं इंजिन मात्र अजून पोटात आहे. हलच्या लोकांना तो परत आणायचाय. आणावा. पण आणून नुसता रंगवून ठेवू नये, कोळशाचं कोठारही दाखवावं, एवढं माझं म्हणणं.

युद्धाशी ट्रॉलरची सोयरीक ग्रिम्सबीतच जुळली. १९०७ मध्ये ॲडमिरल बेरेसफोर्ड इथे आले. समुद्रतळावर जाळं ओढणारी माणसं, तार आणि वाफेचा रहाट पाहून त्यांनी सुचवलं, की पाण्यातले सुरुंग काढायला हेच वापरा. दोन्ही महायुद्धांत शेकडो ट्रॉलर याच कामाला लागले आणि विहीणबाईंचे आजोबा पहिल्या युद्धात तेच करत होते, अर्थात खाली, कोळशापाशी. दुसऱ्या युद्धात हिंदुस्थानातही याच जातीच्या बोटी बांधल्या गेल्या. रॉयल इंडियन नेव्हीच्या त्या ताफ्यात ‘पूना’, ‘नासिक’ आणि ‘बेरार’ अशी नावं होती. समुद्राचं तोंड न पाहिलेली तीन गावं-प्रांत सुरुंग काढत फिरले, हे ऐकून विहीणबाईंना फार मजा वाटली.

आता दुसरी बाजू. वाफेचा ट्रॉलर आला तेव्हा तक्रार केली ती मालकांनी नव्हे, गळाने आणि छोट्या जाळ्याने मासे मारणाऱ्यांनी. आमची जाळी तोडतात, तळ खरवडतात, बारीक मासळी मारतात. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सलीसारखा मोठा शास्त्रज्ञ सांगत होता की समुद्रातली मोठी मासेमारी आटणारी नाही. १९०० साली वॉल्टर गार्स्टॅंगने आकडे मांडून दाखवलं, की बोटींची ताकद वाढतेय पण त्या मानाने मासळी घटतेय. म्हणजे अवघ्या सतरा वर्षांत. मग ट्रॉलर काय करणार? लांब जाणार. उत्तर समुद्र विरळ झाला तसे ते आइसलंडला गेले. १८९९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका फ्योर्डात हलचा ‘रॉइंडिन’ बेकायदा मासे मारताना हान्नेस हाफस्टेन हा जिल्ह्याचा अधिकारी होडी घेऊन त्याला पकडायला गेला. होडी उलटली, त्याची तीन माणसं बुडाली. तो वाचला आणि १९०४ मध्ये आइसलंडच्या स्वराज्यातला पहिला मंत्री झाला. ग्रिम्सबीच्या संग्रहालयात आइसलंड म्हणजे थंडी आणि धाडस. आइसलंडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ट्रॉलर म्हणजे काय वाटत असेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या एका जागी बांधून ठेवलेल्या डोलीच्या जाळ्यांवरून रात्री ट्रॉलर गेला की सकाळी काय उरतं, ते मी लहानपणी पाहिलंय.

आमच्या किनाऱ्याशी वाफेच्या ट्रॉलरची गाठ पडली ती १९२१-२२ मध्ये. मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ नावाचा वाफेचा ट्रॉलर आणून मुंबईबाहेरच्या समुद्रात चाचणी केली. त्याआधी १९०८-०९ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘गोल्डन क्राउन’ फिरला होता. दोन्हींचा हेतू एकच, खोल पाण्यात मासळी किती आहे आणि ट्रॉलर फायद्यात चालेल का. ‘विल्यम कॅरिक’ आतबट्ट्याचा ठरला आणि प्रयोग बंद पडला. मला वाटतं आम्ही त्या वेळी सुटलो. फार तर चाळीसएक वर्षं. पुढे डिझेलचे ट्रॉलर आले, मग पर्ससीन जाळी, मग एलईडी दिवे. १९८१ चा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा आला. आणि भांडण तेच राहिलं, फक्त भाषा मराठी झाली. या भांडणात आज ट्रॉलरवाला कोळीच असतो आणि डोलवालाही कोळीच, म्हणून ते अधिक कडू.

निघायच्या आदल्या दिवशी भल्या पहाटे बाजार पाहिला. ग्रिम्सबीत आजही लिलाव होतो, मासळी बरीचशी आइसलंड आणि नॉर्वेहून येते. धूर दिलेला हॅडॉक इथलाच, त्याला युरोपने २००९ मध्ये भौगोलिक मानांकन दिलं. म्हणजे मासा बाहेरचा, धूर गावचा. विहीणबाईंनी एक पाकीट बांधून दिलं. मी त्यांना सांगून ठेवलंय, की वेसाव्याला या, नारळी पौर्णिमेला. हिरवा स्वेटर लागत नाही, उकाडा आहे.

आणि डब्यातल्या त्या कागदांबद्दल. विहीणबाई ते टाकून देणार होत्या. भाचीच्या नवऱ्याने आता स्कॅन करून गावातल्या दप्तरखान्याला विचारलंय. वेसावे, वरळी, माहीम, अर्नाळा, वसई, अलिबाग, हर्णै, मिरकरवाडा इथल्या घरांतून अशा वह्या नक्की असतील: डिझेलचा, बर्फाचा, खलाशांच्या उचलीचा, वाट्यांचा हिशेब, सोसायटीच्या पावत्या, लिलावाच्या चिठ्ठ्या. माळा साफ करताना त्या रद्दीवाल्याला देऊ नका. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि घरातला म्हातारा तांडेल किंवा त्याची बायको हयात असेल तर शेजारी बसवून कुठली ओळ कशाची ते विचारून लिहून घ्या. वादळाची गोष्ट ती माणसं आपणहून सांगतील. डिझेल कुणी भरलं, हे तुम्हालाच विचारावं लागेल.